वर्गणी की खंडणी? ब्राझीलचा शातो आणि त्याचं म्युझियम

सदू_पावलोकर (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. कामानिमित्त साओ पावलोत येऊन दीड वर्ष झालं. इथे आव्हेनिदा पाउलिस्ता म्हणून मोठा रस्ता आहे, रविवारी गाड्यांना बंद असतो, सगळं गाव सायकली, कुत्री आणि पोरंबाळं घेऊन रस्त्यावर. त्याच रस्त्यावर मास्प नावाचं म्युझियम आहे. चार लाल खांब, त्यांना अख्खी इमारत टांगल्यासारखी आणि खाली ७४ मीटर मोकळी जागा, मधे टेकू म्हणून काही नाही. पावसात लोक तिथे आडोशाला येतात, मोर्चे निघतात तेही तिथूनच.

मंगळवारी फुकट असतं म्हणून आत गेलो. वर चित्रं भिंतीवर नाहीतच. सिमेंटच्या ठोकळ्यात उभी काच रोवलेली आणि काचेवर चित्र, अशा रांगाच रांगा, म्हणजे हॉलमधे माणसं उभी असावीत तशी चित्रं उभी. राफाएल, गोया, रेन्वा, व्हॅन गॉग. पुढून नावगाव काही दिसत नाही, पाटी मागच्या बाजूला. मागे गेलो तर चित्रकार, साल, आणि खाली "दोआसाँव" म्हणजे देणगी, पुढे देणाऱ्याचं नाव. पुढच्या चित्रामागे गेलो, तिथेही दोआसाँव. खरं सांगतो, नंतरचा तासभर मी चित्रं सोडून मागून पावत्याच वाचत फिरलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात म्हटलं काय दिलदार लोक हो तुमचे, तर एक वयस्कर सहकारी खो खो हसला. म्हणाला हे कुणी दिलेलं नाही, शातोनं काढून घेतलंय.

मग शोधाशोध. आसिस शातोब्रियाँ, टोपणनाव शातो. जन्म १८९२, पाराइबा राज्यातलं उंबुझेइरो नावाचं गाव, म्हणजे ईशान्येकडचा दुष्काळी पट्टा. आडनाव फ्रेंच पण माणूस पक्का तिथलाच, वाडवडिलांना त्या नावाच्या फ्रेंच लेखकाचं वेड म्हणून घरात ते नाव आलं. लहानपणी तोतरा. रेसिफेला वकिली शिकला, मग रिओ. १९२४ ला "ओ जोर्नाल" हे पेपर विकत घेतलं आणि तिथून सुटलाच. पेपर, मासिकं, रेडिओ, टीव्ही मिळून शंभराच्या आसपास गोष्टी एका माणसाच्या हातात, शिवाय औषधांचा कारखाना, चॉकलेटचा कारखाना. मग सिनेटर. मग १९५७ ते १९६० लंडनला ब्राझीलचा राजदूत! आणि मधे १९४७ ला हे म्युझियम.

म्युझियमची रीत अशी की कॉफीवाले, बँकवाले, गिरणीवाले यांना गाठायचं आणि सांगायचं अमुक चित्राचे पैसे तू देणार. दिले तर पेपरात फोटो, शॅम्पेन, भाषणं. नाही दिले तर त्याच पेपरात त्याची लक्तरं.

तर माझा प्रश्न. ही वर्गणी की खंडणी? आणि म्युझियम आज इतकं सुंदर उभं आहे, तर त्याचं काय करायचं?

झणझणीत_रस्सा

पॉपकॉर्न घेऊन बसलो.

नानू_वायफळ

सदूशेठ, तुम्ही ब्राझीलला जाऊन जे शोधलंत ते आमच्या गल्लीत दर श्रावणात दिसतं. पोरं पावतीपुस्तक घेऊन येतात, आकडा आधीच लिहिलेला. "काका गेल्या वर्षी पाचशे होते, यंदा देखावा मोठा आहे." तुम्ही नाही म्हटलं तर कोण काही बोलत नाही हो, फक्त दहा दिवस स्पीकरचं तोंड तुमच्या खिडकीकडे. आता ही वर्गणी की खंडणी ते तुम्हीच सांगा. आरतीला मात्र मी रोज जातो, प्रसाद चांगला असतो.

पंचखाद्य

नानू +१. फरक एवढाच की शातोकडे स्पीकरच्या जागी शंभर पेपर आणि रेडिओ होते.

विनाकारण_वकील

सिनेटर कसा झाला ते धाग्यात एका शब्दात उरकलंय, आणि खरी मजा तिथेच आहे.

ब्राझीलमधे सिनेटर थेट लोक निवडतात, आपल्या राज्यसभेसारखे आमदार नाही. आणि तेव्हा प्रत्येक सिनेटरबरोबर एक बदली माणूस निवडून यायचा, सुप्लेंते म्हणतात. सिनेटर गेला की पोटनिवडणूक नाही, सुप्लेंते बसायचा. म्हणजे मधेच कुणाला घुसायचं तर दोघांनीही खुर्ची सोडायला हवी. १९५२ ला पाराइबात नेमकं तेच झालं. सिनेटर आणि सुप्लेंते दोघांना एकदमच राजीनामा सुचला, पोटनिवडणूक लागली, शातो निवडून आला. बरं, पाराइबा निदान जन्मभूमी तरी. १९५४ च्या ऑक्टोबरात रीतसर निवडणूक झाली तिथे त्याच पाराइबानं त्याला पाडलं. गप्प बसेल तर तो शातो कसला. १९५५ ला मारान्याँव नावाच्या दुसऱ्याच राज्यात सिनेटर आणि सुप्लेंते दोघांनी राजीनामे दिले, परत पोटनिवडणूक, हा परत सिनेटर. त्या राज्याशी याचा संबंध काय, तर तिथे याचा पेपर निघत होता.

दोन वर्षांनी ते सोडून लंडन. कायद्याच्या एकाही कलमाला धक्का न लावता केलेलं काम आहे हे. वकील म्हणून मला कौतुकच वाटतं, नागरिक म्हणून डोकं धरावंसं वाटतं.

झणझणीत_रस्सा

पाडलं तर दुसऱ्या राज्यातून वर. हे वाचताना मला कोण कोण आठवलं ते लिहीत नाही, संपादक मंडळ धागा उडवेल.

संपादक_मंडळ

कृपया इथले राजकारण इथे आणू नये.

तिखट_शेव

इथले इथे नाही तर कुठे आणायचे 😀

डिचोलीकर

विषय ब्राझीलचा निघालाच आहे तर आम्हा गोंयकारांचं थोडं ऐका. शातोच्या रेडिओचं आणि टीव्हीचं नाव "तुपी". तुपी म्हणजे तिथले किनाऱ्यावरचे मूळ लोक आणि त्यांची भाषा. चॅनलचं चिन्हसुद्धा एक छोटा तुपी मुलगा होता, डोक्यावर पिसांसोबत अँटेना. आता गंमत बघा, काजू हा शब्द त्याच भाषेतला, पोर्तुगीजांनी तिथून झाडही आणलं आणि नावही आणलं. अननस तोच. आणि टॅपिओकाही तुपीच, म्हणजे ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो तो तिथला. एकादशीला साबुदाणा खिचडी खाऊन आपण किती सोवळ्यात!

राजदूत म्हणालात म्हणून आणखी एक. १९५५ ला भारत आणि पोर्तुगालचे संबंध तुटले तेव्हा दिल्लीत पोर्तुगालचं कामकाज बघायची जबाबदारी ब्राझीलनं घेतली होती. राष्ट्राध्यक्ष कुबिचेकच्या काळात, म्हणजे शातो लंडनला होता त्याच वर्षांत, ब्राझील पोर्तुगालच्या वसाहतींच्या बाबतीत पोर्तुगालच्याच बाजूला उभा होता. आमच्या घरात वडीलधारी माणसं ब्राझील म्हटलं की फुटबॉलच्या आधी हे काढायची.

तिखट_शेव

तुपी चॅनल. साजूक की वनस्पती?

मधली_सुट्टी

शेव, तुला कुणी बोलावलं होतं रे 😂 डिचोलीकर, प्रतिसाद वाचनखुणांत साठवला. काजूचं माहीत होतं, साबुदाण्याचं नव्हतं. आईला सांगितलं तर म्हणाली उपासाला चालतो ना, मग कुठलाही असू दे.

अँटेना_फिरव

टीव्हीचा विषय निघाला आणि मी नाही असं होणार नाही. १८ सप्टेंबर १९५० ला साओ पावलोत टीव्ही तुपी सुरू झालं. ठिकठिकाणी "लॅटिन अमेरिकेतलं पहिलं" असं छापलेलं असतं पण ते चूक, मेक्सिकोनं ऑगस्टच्या शेवटीच सुरू केलं होतं. दक्षिण अमेरिकेतलं पहिलं म्हणा, ते बरोबर.

पण हा माणूस धंद्यात काय चीज होता बघा. स्टेशन उभं राहण्याआधीच चार मोठ्या कंपन्यांना वर्षभराच्या जाहिराती आगाऊ विकल्या आणि त्या पैशावर अमेरिकेतून यंत्रं मागवली. सगळं जमलं, आणि उद्घाटन तोंडावर आल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की शहरात टीव्ही संच कुणाकडेच नाहीत! बघणार कोण? रीतसर आयात करायला वेळ नव्हता. मग दोनेकशे संच चोरवाटेनं आणले असं सांगतात, काही दुकानांच्या काचेत ठेवले, काही बड्या लोकांना. उद्घाटनाच्या दिवशी कॅमेरा बंद पडला तोही किस्सा आहे. कुणी म्हणतं खुद्द शातोनंच शॅम्पेनची बाटली त्यावर फोडली म्हणून. खरंखोटं देव जाणे, पण त्याच्या स्वभावात बसतं.

त्याआधी १९३५ ला रिओत रेडिओ तुपीच्या उद्घाटनाला त्यानं कुणाला आणलं होतं माहितीये? मार्कोनीला! साक्षात. आमच्याकडे सोसायटीच्या लिफ्टच्या उद्घाटनाला नगरसेवक येत नाही.

बोरूबहाद्दर

मी छापखान्यात आयुष्य काढलंय, खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत. त्यामुळे शातोबद्दल जरा वेगळं सांगतो. तो मालक होता, सिनेटर होता, राजदूत होता हे ठीक, पण त्याच्या नावावर ११ हजारांवर लेख आहेत. मालक म्हणून नाव टाकलेले नाहीत, स्वतः लिहिलेले. रोज एक. लंडनहूनही त्याचा मजकूर यायचा. खरं तर राजदूतानं कमी बोलावं अशी रीत असते, हा रोज छापून बोलत होता.

१९६० च्या सुरुवातीला मेंदूत रक्ताची गुठळी झाली, मानेखाली सगळं गेलं. बोलणंही कळेना, एक नर्स ऐकून सांगायची. त्याच्यासाठी टाइपरायटर मुद्दाम बदलून घेतला, हात वरून पट्ट्यानं टांगलेला आणि एक बोट कसंबसं एकेका कळीवर. एका लेखाला तासन् तास जायचे. आणि त्या अवस्थेत आठ वर्षं, एप्रिल १९६८ ला मरेपर्यंत लिहीत होता.

आता तुम्ही म्हणाल लिहीत काय होता, तर बऱ्याचदा कुणाला तरी शिव्याच. पण हातात आलेला मजकूर जुळवणाऱ्या माणसाला विचारा, असा लेखक वेळेवर मजकूर देतो. आमच्याकडे धडधाकट संपादक अग्रलेखासाठी रात्री दीडपर्यंत ताटकळत ठेवायचे.

सदू_पावलोकर

बोरूकाका, हे वाचून जरा वेळ काही सुचलं नाही. तो टाइपरायटरचा फोटो मी पाहिलाय, पण वर टांगलेलं ते काय आहे तेच कळलं नव्हतं, आत्ता कळलं.

हट्टी_गौराक्का

सगळे पुरुष मंडळी कौतुकाच्या मूडमधे आलेली दिसतात म्हणून लिहिते. त्याच्या मुलीचं प्रकरण कुणीच काढलेलं नाही.

मुलगी तेरेसा, लाडाचं नाव तेरेसोका. तिच्या आईशी त्याचं लग्न नव्हतं, ती त्याच्याहून कितीतरी लहान, पुढे ती त्याला सोडून गेली. ब्राझीलमधे तेव्हा घटस्फोटच नव्हता, तो १९७७ ला आला. हा पहिल्या बायकोपासून कोर्टानं वेगळा केलेला पण कागदावर नवराच, त्यामुळे लग्नाबाहेरच्या मुलीला आपली म्हणून नाव देता येईना आणि ताबाही मिळेना. तुम्हीआम्ही असतो तर वकील गाठला असता. यानं राष्ट्राध्यक्ष गाठला. तेव्हा वार्गासची हुकूमशाही होती, संसद बंद, कायदे म्हणजे फर्मानं. १९४२ ला एक फर्मान निघालं की अशा वेगळ्या झालेल्या बापाला मूल आपलं म्हणता येईल. १९४३ ला दुसरं निघालं की अशा मुलाचा ताबा बापाकडे राहील. लोकांनी त्याला नावच ठेवलं "तेरेसोका कायदा".

एका माणसाला पोरगी हवी म्हणून अख्ख्या देशाचा कायदा वळवला. चित्रांची वर्गणी श्रीमंतांनी भरली, त्यांचं मला काही वाटत नाही, परवडत होतं त्यांना. पण ही वर्गणी एका आईनं भरली. तिची पाटी कुठल्या काचेमागे आहे का हो सदूभाऊ?

मधली_सुट्टी

गौराक्का, _/\_

विनाकारण_वकील

गौराक्का, पूर्ण सहमत, एकच पुस्ती. पहिल्या फर्मानाचा फायदा इतरही असंख्य मुलांना झाला, ज्यांना तोपर्यंत बापाचं नावच लावता येत नव्हतं. हेतू घाण, परिणाम बरा. दुसऱ्याचा मात्र बचाव नाही.

हट्टी_गौराक्का

वकीलसाहेब, हेतू घाण परिणाम बरा हे वाक्य तुम्ही फीच्या पावतीवर छापून घ्या.

नानू_वायफळ

😂😂 आज गौराक्का फॉर्मात.

हिशेबनीस

मी बँकेतून निवृत्त. सगळे म्हणताहेत शातोनं श्रीमंतांच्या पैशानं म्युझियम केलं. हे अर्धंच खरं.

मूळ कल्पना अशी की युद्ध संपलंय, युरोपात जुनी घराणी कर्जात, चित्रं मातीमोल भावात निघतायत, आत्ता उचला. पिएत्रो मारिया बार्दी नावाचा इटालियन चित्रांचा व्यापारी १९४६ ला बायकोसह ब्राझीलला आला होता, शातोनं त्याला धरला आणि म्युझियम त्याच्या हाती दिलं. बार्दीची नजर आणि शातोचा दंडुका, असं जोडकाम. बार्दीची बायको लीना बो बार्दी, तीच पुढे या टांगलेल्या इमारतीची आर्किटेक्ट आणि त्या काचांचीही. पण १९४७ ला सुरुवात झाली ती शातोच्याच पेपरच्या इमारतीत, सेते दि आब्रिल रस्त्यावर.

पण देणगी कबूल करणं वेगळं आणि खात्यात जमा होणं वेगळं, हे कुठल्याही मंडळाच्या खजिनदाराला विचारा. खरेदी धडाधड, वसुली सावकाश. शेवटी चित्रं न्यूयॉर्कच्या बँकेकडे तारण पडली. मास्पचा संग्रह १९५३ पासून पॅरिस, लंडन करत न्यूयॉर्कपर्यंत फिरला त्याला लोक गौरव म्हणतात, आणि चित्रं नकली आहेत अशी कुजबुज होती ती बंद करायलाही ते बरं पडलं. पण तारणाची तलवार टांगलेलीच. सोडवलं कुणी? कुबिचेक सरकारनं, सरकारी बचत बँकेमार्फत. म्हणजे सर्वसामान्य ठेवीदार. त्याच कुबिचेकनं त्याला लंडनला राजदूत नेमलं.

तेव्हा सदूभाऊ, मागची पाटी पूर्ण नाही. प्रत्येक चित्रामागे एक शेठ आहे, आणि त्या शेठच्या मागे पासबुक घेऊन रांगेत उभा असलेला माणूस आहे.

पंचखाद्य

पण राजदूत का नेमलं असेल? तारण सोडवायचं आणि वर लंडनचा बंगलाही द्यायचा?

विनाकारण_वकील

माझा अंदाज सांगतो, अंदाजच धरा. शंभर तोफा असलेला माणूस राजधानीत बसून रोज तुमच्यावर एक लेख लिहिणार, त्यापेक्षा त्याला लंडनला राणीच्या दरबारात सोडलेला बरा. आपल्याकडे नाही का त्रासदायक नेत्याला राज्यपाल करतात.

संपादक_मंडळ

दुसरी सूचना.

अँटेना_फिरव

लंडनचा एक किस्सा मला फार आवडतो. शातोनं स्वतःचाच एक पुरस्कार काढला होता, "ऑर्डर ऑफ जागुन्सो". जागुन्सो म्हणजे त्याच्या दुष्काळी भागातले जमीनदारांचे भाडोत्री बंदूकवाले. मानचिन्ह काय, तर तिकडच्या गुराख्यांची कातड्याची टोपी. आणि ती त्यानं चर्चिलला दिली! चर्चिलनं रंगवलेलं एक चित्रही मास्पमधे आहे, सदूनं पाहिलं का माहीत नाही.

तिखट_शेव

म्हणजे आपल्याकडे "गुंडभूषण" काढून परदेशी पंतप्रधानाला फेटा बांधायचा. हे तर आपण सहज करू.

डिचोलीकर

अर्धं करतोच की.

आजीची_पोटली

मी सहसा नुसती वाचते. पण शातोच्या पेपरांची एक मोहीम वाचली आणि राहवलं नाही. १९६४ ला तिथे लष्कराचं बंड झालं, याच्या पेपरांनी बंडाची बाजू घेतली आणि मग मोहीम काढली, "ब्राझीलच्या भल्यासाठी सोनं द्या". बायकांनी लग्नाच्या अंगठ्या काढून दिल्या, बदल्यात साध्या धातूची अंगठी मिळायची, त्यावर "मी सोनं दिलं" अशी अक्षरं.

माझ्या आजीनं १९६२ च्या युद्धात दोन पाटल्या दिल्या होत्या. तहसील कचेरीसमोर टेबल मांडलं होतं. आजोबा घरी नव्हते, तिनं विचारलंही नाही, हात पुढे केला. पाटली निघेना म्हणून साबणाचं पाणी आणलं कुणीतरी. ती पावती तिनं देव्हाऱ्यात ठेवली होती, हळद लागून पिवळी पडलेली. आजी म्हणायची चीन आला होता, द्यायलाच हवं होतं. पण ब्राझीलवर कोण आलं होतं? तिथल्या त्या बायकांनी अंगठी कुणाला दिली, हे त्यांना नंतर कळलं असेल का असं वाटत राहतं.

बोरूबहाद्दर

ताई, पाटली साबणानं काढायची हे माझ्याही घरात झालंय. त्या वर्षी.

वाकडी_वाट

सगळं वाचलं. मला वाटतं इथे शातोला खलनायक तरी करताय नाहीतर अफलातून तरी. जरा वार्गासबरोबरचा त्याचा हिशेब बघा. १९३० ला वार्गासच्या क्रांतीला पाठिंबा. १९३२ ला साओ पावलोनं बंड केलं तेव्हा वार्गासच्या विरोधात, तुरुंगवास. मग परत दोस्ती, इतकी की फर्मानं निघाली. १९५० ला वार्गास निवडून आला, आणि शातोचाच एकेकाळचा वार्ताहर साम्युएल वायनर वार्गासच्या बाजूनं "उल्तिमा ओरा" पेपर काढतो म्हटल्यावर शातोनं सगळी फौज त्याच्यावर घातली, हा ब्राझीलमधे जन्मलेलाच नाही इथपर्यंत. ऑगस्ट १९५४ ला वार्गासनं छातीत गोळी मारून घेतली, आणि शातोच्या "ओ क्रुझेइरो" साप्ताहिकाच्या त्या आत्महत्येवरच्या अंकाचा खप सात लाखांवर गेला. पुढे कळस म्हणजे ब्राझीलच्या साहित्य अकादमीत वार्गासची रिकामी झालेली ३७ नंबरची खुर्ची कुणाला मिळाली? शातोला. तिथे प्रथा आहे की नव्यानं आधीच्या माणसाचं गुणगान करायचं.

या सगळ्यात तत्त्व शोधाल तर सापडणार नाही. व्यापारी होता, त्या दिवशीचा भाव बघायचा. राजकारण आणि वकिलात ही त्याच्यासाठी दुकानाचीच वेगळी शाखा.

हिशेबनीस

पण मग एका गोष्टीचा उलगडा करा वाकडी वाट. दुकानदार असता तर दुकान पोरांना दिलं असतं. यानं १९५९ ला कंपन्यांचे ४९ टक्के शेअर २२ कर्मचाऱ्यांच्या नावावर केले आणि नंतर उरलेलंही त्यांच्याकडेच गेलं. पोरं कोर्टात गेली.

झणझणीत_रस्सा

२२ जणांचं संचालक मंडळ! म्हणजे सहकारी साखर कारखाना झाला की. पुढे काय झालं ते न वाचता सांगतो, बुडाला.

हिशेबनीस

टीव्ही तरी बुडालंच. पगार थकले, संप झाले, जुलै १९८० ला सरकारनं टीव्ही तुपीचा परवाना काढून घेतला. तोवर ग्लोबो हे दुसरं चॅनल पुढे निघून गेलं होतं. पेपरांपैकी काही अजून चालतात.

वाकडी_वाट

२२ जणांना वाटून देणं म्हणजे कुणालाच न देणं. मेल्यावरही मालक आपणच राहायची युक्ती आहे ती. माझं मत.

गोठ्यातला_गवळी

सदूच्या मूळ प्रश्नावर कुणी फिरकेना म्हणून मी येतो. माझ्या वडिलांचं तालुक्याच्या गावी बी-बियाणांचं दुकान. गावात एक साप्ताहिक निघायचं, चार पानी, नाव घेत नाही. दसऱ्याच्या आधी त्याचे संपादक स्कूटरवरून यायचे, चहा घ्यायचे, आणि दिवाळी अंकाचं दरपत्रक काउंटरवर ठेवायचे. वडील पाव पान द्यायचे. एका वर्षी दुष्काळ होता, धंदा नाही, म्हणाले यंदा जमणार नाही साहेब. संपादक हसून म्हणाले काही हरकत नाही. नोव्हेंबरात पहिल्या पानावर बातमी, "तालुक्यात बोगस बियाणांचा सुळसुळाट". दुकानाचं नाव नव्हतं. फक्त "बस स्टँडसमोरील एका दुकानात". बस स्टँडसमोर बियाणांचं दुकान एकच होतं.

पुढच्या वर्षापासून वडील अर्धं पान द्यायला लागले.

आता त्याच संपादकांनी गावात वाचनालय काढलं. खरंच काढलं, खोटं नाही. मी दहावीपर्यंतची सगळी पुस्तकं तिथे वाचली, फी महिन्याला दोन रुपये. भिंतीवर देणगीदारांचा संगमरवरी फलक, वडिलांचं नाव सातवं. मी त्या फलकाखाली बसून वाचायचो आणि वडिलांना कधी सांगितलं नाही की मला तिथे फार बरं वाटतं. त्यांनीही कधी तिथे पाय ठेवला नाही.

वर्गणी की खंडणी विचाराल तर वडिलांसाठी खंडणी, माझ्यासाठी वर्गणी. ज्यानं भरली त्याला विचारलं तर एक उत्तर येणार आणि जो नंतर येऊन बसला त्याला विचारलं तर दुसरं.

हट्टी_गौराक्का

गवळीदादा, वडील आहेत का? असतील तर एकदा सांगून टाका त्यांना.

गोठ्यातला_गवळी

आहेत. ८४. बघतो.

नानू_वायफळ

आमच्या मंडळाच्या पोरांना हा धागा पाठवलाय. उत्तर आलं, "काका भारी आहे, पण आकडा तोच राहील."

विमानविद्या_वेडा

उशिरा आलो, एक राहिलंय. १९४१ पासून शातोनं विमानांची मोहीम चालवली होती, हवाई खात्याच्या मंत्र्याला हाताशी धरून. श्रीमंतांकडून शिकाऊ विमानं मिळवायची आणि गावोगावच्या फ्लाइंग क्लबना द्यायची. प्रत्येक विमानाचं चक्क बारसं, नाव ठेवायचं, शॅम्पेन उडवायची, भाषण. तिथले कितीतरी वैमानिक त्या विमानांवर शिकले. म्हणजे चित्रांची पद्धत त्यानं आधी विमानांवर गिरवून घेतली होती.

तिखट_शेव

बारशाला शॅम्पेन आणि पाळण्यात विमान. आत्या कोण?

सदू_पावलोकर

सगळ्यांचे आभार, मी एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा केली नव्हती.

गौराक्का, तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून आज मंगळवार होता तर ऑफिस सुटल्यावर परत गेलो. नाही, तिची पाटी नाही. पासबुकवाल्यांचीही नाही. शातोचं मात्र नाव म्युझियमलाच आहे, पूर्ण नाव "म्युझेउ दि आर्ते दि साओ पावलो आसिस शातोब्रियाँ". ही इमारत त्यानं पुरी झालेली पाहिली नाही, एप्रिलमधे गेला आणि नोव्हेंबर १९६८ ला उद्घाटनाला इंग्लंडची राणी आली होती, तीच, जिच्या दरबारात तो राजदूत होता.

अँटेना, चर्चिलचं चित्र आज दिसलं नाही, बहुतेक आत ठेवलंय.

आणि एक. बाहेर पडताना एक आई आणि पाचसहा वर्षांची पोरगी होती. पोरगी चित्रं बघतच नव्हती, काचांच्या मागून पळत होती, एका चित्रामागून डोकं काढून आईला भॉ करायची. गार्ड एकदा बोलला, दुसऱ्यांदा बोललाच नाही. खाली आलो तर पाऊस लागलेला, मोकळ्या जागेत दोनशे माणसं उभी, एक जण पाँव दि केझो विकत होता. मी दोन घेतले, गरम होते.

झणझणीत_रस्सा

पाँव दि केझो म्हणजे काय ते सांगून जा की.

डिचोलीकर

चीजचे गोल पाव. पीठ कशाचं विचारा.

मधली_सुट्टी

साबुदाण्याच्या कंदाचं?? 😂

डिचोलीकर

होय.

मधली_सुट्टी

आईला विचारते, उपासाला चालतात का.